चावी फिरेना, दूध निघेना

गाडी चालवायला मी बावन्नाव्या वर्षी शिकले. त्यानंतरची दोन वर्षं माझी गाडी मंडई, बँक आणि फार तर सासवड यापलीकडे गेली नव्हती. मग एके दिवशी जेवताना वन्सं म्हणाल्या, "परळीच्या वैजनाथाचं दर्शन तेवढं राहिलंय. श्रावणी सोमवारी व्हावं असं फार मनात आहे." वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वय सहासष्ट, गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत. ह्यांनी ताटातून मान वर न काढता सांगितलं, "एसटीने जा." त्यावर वन्सं म्हणाल्या, "एसटीनेच जावं लागणार. सुमनची गाडी काय परळीपर्यंत पोचायची?"

झालं. मला कुणी डिवचलं की मी विचार करत नाही, तयारीला लागते. रात्रीतच मी नकाशा बघितला, टायरची हवा तपासून आणली आणि डिकीत पाण्याचे पाच-पाच लिटरचे सहा कॅन भरले. शिवाय बिस्किटांचे चाळीस पुडे घेतले. दुष्काळी भागात चाललोय, वाटेत कुणाला देता येतील, असा माझा उदार विचार. त्या पुड्यांचं पुढे काय झालं ते सांगेनच. गाडी अकरा वर्षांची, सेकंडहॅंड, पांढरी. तिच्या दोन चाव्यांपैकी एक मी घेतली आणि दुसरी देवघराच्या खणात सुरक्षित ठेवली. या शहाणपणावरून नंतर मी स्वतःला बऱ्याच शिव्या घातल्या.

रविवारी पहाटे पाचला पुणे सोडलं. दरवाजाच्या वर धरायला जी मूठ असते ती वन्संनी शिक्रापूरला धरली आणि थेट नगरला चहा प्यायला सोडली. मधल्या काळात त्यांचं रामरक्षा म्हणणं आणि "समोर ट्रक आहे गं" हे सांगणं आळीपाळीने चालू होतं. नगरनंतर आम्ही कडा, आष्टी, जामखेड असा रस्ता धरला. जाणाऱ्यांसाठी सांगते, आष्टीच्या पुढे मधेच रस्ता संपून खड्डे सुरू होतात, तेव्हा अंधार पडायच्या आत हा टप्पा उरका. जामखेडच्या पुढे सौताड्याला प्रसिद्ध धबधबा आहे म्हणून मोठ्या उत्साहाने गाडी वळवली. धबधब्याच्या जागी ओला कडा होता. तिथला मक्याची कणसं भाजणारा म्हणाला, "पडतो की! पाऊस पडला की पडतो." पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता. या वर्षी थोडा शिडकावा झाला होता, बांधावर गवत उगवलं होतं, पण विहिरी आणि तळी भरली नव्हती. कणीस मात्र फर्मास होतं, वीस रुपयाला एक, लिंबू भरपूर.

मांजरसुंब्याचा घाट उतरून पालीजवळ बिंदुसरा धरणाच्या काठी थांबलो. पाणी पार तळाला, आणि उघड्या पडलेल्या गाळात तरुण मंडळींचा क्रिकेटचा सामना रंगला होता. फलंदाज चेंडू मारला की ओरडायचा, "गेला पान्यात!" आणि सगळे हसायचे, कारण पाणी तिथून फर्लांगभर लांब होतं. मी उदास चेहरा करून फोटो काढायला उतरले होते. पाचव्या मिनिटाला मी पंचांशी धावबादवरून वाद घालत होते. पुढे रस्त्यालगतची खजाना विहीर पाहिली. शेकडो वर्षांपूर्वीचं ते बांधकाम आणि आत खरोखर पाणी. वन्संनी पायऱ्यांवर बसून पाण्याला नमस्कार केला. बीडला बसस्थानकाजवळ साध्या लॉजमध्ये राहिलो, दोघींचे नऊशे रुपये, पंखा जोरात आणि चादरी स्वच्छ. जेवायला भाकरी आणि येसर आमटी. येसर हा भाजलेल्या धान्यांचा आणि मसाल्याचा इकडचा खास प्रकार. तिखटाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

सोमवारी नेकनूर, केज, अंबाजोगाई करत परळी गाठली. परळीत शिरताना औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आधी दिसतात, देवळाचा कळस नंतर. झाडांच्या पानांवर राखेचा बारीक थर. देवळाबाहेर रांग एवढी, की तिचं शेपूट शोधायलाच आम्हाला दहा मिनिटं लागली. तीन तास उभं राहायचं होतं. वन्संचे गुडघे बोलायला लागले. तेवढ्यात पुढच्या बाईने आपल्या पिशवीतलं पोतं काढून अंथरलं आणि म्हणाली, "बसा माय. रांग सरकली की मी सांगते. कावून उगं पाय दुखवताव?"

या मंदाताई. पंचेचाळिशीच्या, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. केज तालुक्यातल्या एका लहान गावाच्या महिला दूध सोसायटीच्या चेअरमन. तीन तासांत सगळी हकिगत कळली. उन्हाळ्यात चारा संपला तेव्हा गावातली जनावरं सरकारी चारा छावणीत गेली, दूध आटलं आणि सोसायटीला कुलूप लागलं. आता जनावरं परत आली होती. दूध थोडं थोडं सुरू झालं होतं. उद्या, मंगळवारी, चार महिन्यांनी पहिल्यांदा संकलन होणार होतं.

"तालुक्याच्या दूध संघानं टेम्पो दिलाय, पन आठच दिसांसाठी," मंदाताई म्हणाल्या. "साडेआठच्या आत दूध केजच्या चिलिंग सेंटरला पोचलं पायजे. उशीर झाला, दूध नासलं, तर टेम्पो दुसऱ्या गावाला जातो. मग आमची सोसायटी पुन्ना उघडत न्हाई. म्हनून आलेय देवाला सांगायला."

"देव ऐकेल," वन्सं म्हणाल्या.

"देव ऐकतो वो. म्हशीचं काय सांगावं?"

दर्शन छान झालं. बाहेर आल्यावर मंदाताई एसटीकडे निघाल्या. आमचा परतीचा रस्ता त्यांच्या गावावरूनच होता, तेव्हा त्यांना गाडीत घेतलं. नंतर त्यांनी आम्हाला सोडलं नाही. मुक्काम करायचाच, हे त्यांनी अंबाजोगाई यायच्या आत ठरवून टाकलं. वन्सं एरवी परक्या घरी पाणीसुद्धा बेताने पितात, पण यावेळी माझ्याआधी हो म्हणाल्या.

गाव मुख्य रस्त्यापासून तीन-चार किलोमीटर आत. मंदाताईंच्या घराशेजारीच सोसायटीचं पत्र्याचं आवार, आणि आवारातून बाहेर पडायला एक अरुंद गल्ली. "हितंच लावा गल्लीच्या तोंडाला, ढोरं खेटनार न्हाईत," असं त्यांनी सांगितलं. मी कौशल्य दाखवत, स्टिअरिंग पूर्ण वळवून, नाक भिंतीला चिकटवून गाडी लावली. मग घरात जायला निघाले तर मंदाताई ओरडल्या, "थांबा!" पहिल्यांदा दारात आलेली गाडी अशी कशी उभी राहील? आत जाऊन त्या हळद-कुंकवाचा करंडा आणि वाटीभर पाणी घेऊन आल्या. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांना बोटं लावली, स्टिअरिंगला लावलं. मग चावी मागून घेतली, कालवलेल्या कुंकवाने तीही माखली, चावीच्या भोकात घालून बाहेर काढली आणि म्हणाल्या, "हे तर गाडीचं कपाळच की वो." पुन्हा बोट बुडवलं आणि शेजारी उभ्या असलेल्या वन्संच्या कपाळाला लावलं.

भावोजींना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून वन्संनी कुंकू लावलं नव्हतं. त्या तेच सांगायला लागल्या. मंदाताई शांतपणे म्हणाल्या, "माझाबी मालक न्हाई, माय. बारा वर्सं झाली." वन्संनी कपाळ पुसलं नाही. मला खूप बरं वाटलं.

उपास सोडायला दही-धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती. नंतर चहा आला तो कोरा. "उद्याच्याला थेंबन् थेंब डेरीत जानार," मंदाताई म्हणाल्या. डिकीतले बिस्किटांचे पुडे काढावेत असं मला तेव्हा वाटलं, आणि मग काढायची लाज वाटली.

मंगळवारी सहाला जाग आली ती कॅनच्या खणखणाटाने. बायका चरव्या, किटल्या, स्टीलचे डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या. कुणी दोन लिटर आणलेलं, कुणी चार. मोजमाप करणाऱ्या बाईने पहिलं माप ओतलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बघता बघता चौदा कॅन भरले. टेम्पोवाला सोपान, संघाचा माणूस, रात्री आवारातच झोपला होता. त्याने कॅन चढवले, टेम्पो सुरू केला आणि हॉर्न दिला. त्याच्या वाटेत माझी गाडी होती. मी तुरुतुरु गेले, बसले, चावी घातली.

चावी फिरेना.

आता वाचकांपैकी जे गाडी चालवतात ते म्हणतील, स्टिअरिंग लॉक असेल. मलाही ते माहीत होतं. चाक वळवून गाडी बंद केली की स्टिअरिंग अडकतं, मग ते डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवायची. हलवलं. गियर न्यूट्रलला आहे ना ते पाहिलं. चावी काढून फुंकली, पदराने पुसली, उलटी घातली, अर्धी बाहेर ओढून फिरवली. ती जागची हलली नाही. जोर करावा तर चावी आत तुटायची भीती. दुसरी चावी पुण्यात, देवघरात. ह्यांना फोन केला तर पलीकडून पहिलं वाक्य आलं, "मी म्हटलं होतं एसटीने जा." मी फोन ठेवला.

एवढ्यात उंटावरचे शहाणे जमले. पारावरची सगळी पुरुष मंडळी गाडीभोवती. एकाने सांगितलं, हॉर्न वाजवून बघा. दुसरा म्हणाला, दुष्काळाची धूळ बसली आत, माझ्या पंपाचंबी असंच झालतं. तिसऱ्याने दार चार वेळा उघडून लावलं आणि मान हलवून निघून गेला. गाडी ढकलावी तर पुढची चाकं भिंतीकडे वळलेली आणि स्टिअरिंग गच्च. पुढे ढकललं तर भिंत, मागे ढकललं तर गटार. गावातली एकुलती एक जीप आदल्या दिवशी परळीला गेलेली. दोन मोटारसायकलींवर चौदा कॅन कसे न्यायचे? सोपानने केजच्या एका मेकॅनिकला फोन लावला, तो म्हणाला यायला वाहन नाही, दोन तास लागतील. घड्याळात साडेसात झाले होते. ऊन पत्र्यावर यायला लागलं.

मंदाताई एकेका कॅनवर ओलं पोतं टाकत होत्या. रांगेतल्या बायका घरी गेल्या नव्हत्या, भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे माझ्या गाडीकडे. यांच्या मदतीसाठी म्हणून मी पुण्याहून पाणी आणि बिस्किटं घेऊन आले होते, आणि यांच्या चार महिन्यांच्या आशेपुढे मीच आडवी उभी होते. मला स्वतःचा भयंकर राग आला.

सोपान पहार घेऊन आला. "ताई, लॉक तोडतो. खालच्या वायरी जोडून चालू करतो. दोन मिन्टाचं काम हाय."

"तोडा," मी म्हणाले. "काच फोडायची तर तीही फोडा. पण लवकर."

"न्हाई," मंदाताई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "ठिव ती पहार खाली. दारात आलेल्या पावन्याची गाडी फोडून आपलं दूध न्यायचं न्हाई. जाऊ दे टेम्पो. जाऊ दे सोसायटी."

"अहो, माझी गाडी आहे, मी सांगतेय ना!"

"तुमची गाडी हाय, पन गाव माझं हाय."

आमचं दोघींचं चांगलंच जुंपलं. मी रडकुंडीला आलेली, त्या हट्टाला पेटलेल्या. सोपान पहार धरून मधे, इकडे बघ, तिकडे बघ. तेवढ्यात भिंतीला टेकलेल्या बायकांमधून एक आवाज आला.

"फोडायची कावून? उचलू की."

बोलणारी काशीबाई. बुटकी, रुंद खांद्यांची, दात पुढे. गावातल्या बहुतेक बायकांप्रमाणे तीही दरवर्षी दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीला जाणारी. उसाची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं, मोळी टाकायची, उतरायचं, आणि असं दिवसभर. हे तिनेच मला नंतर सांगितलं. तेव्हा तिने फक्त पदर खोचला, गाडीला एक चक्कर मारली आणि डिकीच्या खाली हात घालून वजन पाहिलं.

"म्होरं इंजन हाय, म्होरं जड. मागलं बूड उचलून भिंतीकडं सरकवा. टेम्पो निघतोय."

पारावरचा एक म्हणाला, "गाडी हाय ती, मोळी न्हाई."

"मोळीच बरी," काशीबाई म्हणाली. "मोळीला तुमच्यावानी तोंड नसतं. सरका बाजूला."

मी डिकी उघडून पाण्याचे कॅन उतरवले, गाडी तेवढीच हलकी झाली. अकरा बायका जमल्या. अर्ध्या मागे, अर्ध्या दोन्ही चाकांच्या बाजूला. मी बारावी झाले. तेवढ्यात शेजारी कुणीतरी धक्का देऊन जागा केली, बघते तर वन्सं! गुडघे कुरकुरणाऱ्या वन्संनी नऊवारी नसली तरी पाचवारीचाच काचा मारला होता. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही नको." त्या म्हणाल्या, "तू रस्ता अडवलास, आता निदान मधे बोलू नकोस."

काशीबाईने हाक दिली. "हं, दम धरा! एक... दोन... उचल गं माय!"

आणि गाडी उठली. माझी गाडी, जिच्यासाठी मी तीन वर्षं पैसे साठवले होते, तिची मागची चाकं वीतभर हवेत गेली आणि दोन हात सरकून धप्पकन खाली आली. "आनिक एकदा!" पुन्हा उठली, पुन्हा सरकली. तिसऱ्या खेपेला तर बायका हसायलाच लागल्या, आणि हसता हसता उचलताना गाडी भिंतीला लागून एक चांगला मोठा ओरखडा आला. मला त्याचं काहीही वाटलं नाही. सोपान केव्हाच टेम्पोत चढला होता. दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून टेम्पो गल्लीतून निघाला, रस्त्याला लागला आणि धुळीत दिसेनासा झाला. मग जो काही कल्ला झाला! काशीबाईने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी खोकले. वन्सं गाडीच्या बंपरवर बसून धापा टाकत होत्या आणि चेहऱ्यावर, देवाशपथ, शाळेतल्या मुलीचं हसू होतं.

नंतरचे दोन तास सरता सरेनात. दूध पोचलं का, पास झालं का, काहीच कळेना. सोपान फोन उचलत नव्हता. साडेदहाला टेम्पोचा आवाज आला आणि मंदाताई अनवाणी धावल्या. सोपानने खिडकीतून चिठ्ठी फडकावली. आठ वाजून पंचवीस मिनिटांनी पोचलं होतं. चौदाच्या चौदा कॅन पास. मंदाताईंनी चिठ्ठी डोळ्यांना लावली आणि तिथेच मटकन खाली बसल्या. मग रडल्या. मग आम्ही सगळ्याच रडलो, आणि लगेच कुणीतरी चहा टाकायला पळालं.

टेम्पोतून केजचा मेकॅनिक गफूरभाईही आला होता. पांढरी दाढी, खिशात टेस्टर. त्याने सगळ्यांना गप्प केलं, बॅटरीची वायर सोडली, एक डोळा मिटून भोकात पाहिलं आणि विचारलं, "जनावराला टोचायची सुई हाय का? नवी. आणि थोडं रॉकेल." सोसायटीच्या औषधांच्या पेटीत सिरिंज होती. गफूरभाईने रॉकेल भरून कुलपात पिचकारी मारली, खाली फडकं धरलं.

फडक्यावर लालभडक ओघळ आला.

क्षणभर कुणालाच कळेना. गफूरभाईने बोट लावून वास घेतला. "ताई, ये लॉक बिघडलेलं नाही. कुंकू कालवून आत कुणी घातलं? वाळून दगड झालाय."

सगळ्यांच्या माना मंदाताईंकडे वळल्या. त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. "आगं माय माय माय! म्हंजी मीच माझं दूध अडवलं की वो!" काशीबाई जी हसायला लागली ती भिंतीला धरूनच उभी राहिली. पारावरचे शहाणे हसले, गफूरभाई दाढीत हसला. मंदाताई हसता हसता माझ्या गळ्यातच पडल्या. सकाळभर त्या बाईने मला एका शब्दाने दोष दिला नव्हता, गाडी अशी वाकडी कुणी लावली असं विचारलं नव्हतं. हे मला तेव्हा जाणवलं आणि फार लागलं.

आणखी चार पिचकाऱ्या, भरपूर फुंका, मग गफूरभाईने पेन्सिलीचं शिसं ब्लेडने खरवडून त्याची पूड चावीला लावली. चावी लोण्यातून फिरावी तशी फिरली. वाचकांसाठी त्याचा सल्ला जसाच्या तसा देते. कुलूप अडलं तर जोर करू नका, आणि खोबरेल तेल तर मुळीच घालू नका, त्याला धूळ चिकटते. शिशाची पूड घाला. आणि पूजा बाहेरून करा. त्याने दीडशे रुपये घेतले. मग दुधाचा चहा आला, घट्ट, गोड, घरोघरी पोरांसाठी राखलेलं पेला-पेला दूध गोळा करून केलेला. बिस्किटांचे चाळीस पुडे मी तेव्हा काढले आणि आम्ही सगळ्यांनी मिळून चहात बुडवून खाल्ले.

संध्याकाळी उशिरा पुण्यात पोचलो. वन्संनी वाटेत मूठ एकदाही धरली नाही, उलट एका ट्रकला ओलांडताना "जा, जा, जाशील" असं म्हणाल्या. ह्यांनी ओरखडा पाहिला आणि काही बोलायच्या आत वन्संनी गाडी उचलल्याची हकिगत सुरू केली. ती त्यांनी आतापर्यंत आमच्या पुण्याच्या सोसायटीतल्या नऊ घरांत सांगितली आहे आणि प्रत्येक घरी गाडी थोडी जास्त उंच जाते. मी विचार करते तेव्हा मला देऊळ कमी आठवतं आणि तो हट्ट जास्त आठवतो. सगळं हातचं जायची वेळ आलेली असताना पाहुण्याच्या वस्तूला हात लावू न देण्याचा. माझ्यात तेवढी हिंमत आहे का, मला माहीत नाही. मी त्या गावाला काहीतरी द्यायला निघाले होते, हे आठवलं की अजून कान गरम होतात.

नवव्या दिवशी सकाळी सातला मंदाताईंचा फोन आला. मागे कॅनचा खणखणाट. संघाने टेम्पो कायम केला होता. अठरा कॅन जात होते.

"समदं बेस हाय," त्या म्हणाल्या. "पन बाया म्हनत्यात, रोज नुसतं दूध ओतायचं न् घरी जायचं, मजाच येत न्हाई. काशीबाई इचारतीया, पुन्याची गाडी कवा यायची? आडवी लावली तरी चालंल म्हनं."

मी हसतच होते, तेवढ्यात वन्संनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि मला न विचारता तारीख देऊन टाकली.